सक्शनचा जमाखर्च

केंद्रोत्सारी पंपाला, म्हणजे बाजारात ज्याला सेंट्रिफ्यूगल पंप म्हणतात त्याला, पाणी ओढून घेण्याची स्वतःची अशी कोणतीही शक्ती नसते. मिनिटाला चौदाशे किंवा अठ्ठावीसशे फेरे घेणारा त्याचा पंखा (इंपेलर) पात्यांमधले पाणी परिघाकडे फेकतो, त्यामुळे पंख्याच्या मध्यभागी, जिथून पाणी आत शिरते त्या तोंडाशी, दाब उतरतो. आणि विहिरीतील पाण्याच्या पृष्ठभागावर पसरलेले वातावरण आपल्या दाबाने ते पाणी सक्शन पाइपातून वर ढकलत त्या कमी दाबाच्या जागी आणून सोडते. पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला, पाणी किती उंच चढेल हे पंखा, त्याचा वेग आणि मोटरची ताकद यांवर ठरते आणि तिथे शंभर मीटरचीही मातब्बरी नाही. परंतु पंपाच्या अलीकडे जे घडते ते केवळ वातावरणाच्या भांडवलावर घडते, आणि ते भांडवल कितीही मोठ्या अश्वशक्तीची मोटर जोडली तरी तसूभर वाढत नाही.

हे भांडवल मोजके आहे याची जाणीव युरोपात सतराव्या शतकात झाली. शोषक पंपाने पाणी सुमारे अठरा हातांपलीकडे चढत नाही, ही कारागिरांच्या अनुभवातली गोष्ट गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली, पण तिचा उलगडा त्याने पाण्याच्या स्तंभाच्या स्वतःच्या वजनाने तुटण्यात शोधला. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये पाऱ्याच्या नळीच्या आधारे कारण वेगळेच असल्याचे मांडले आणि बाहेरची हवाच स्तंभाला तोलून धरते हे दाखवून दिले. समुद्रसपाटीला हा तोल पाण्याच्या १०.३३ मीटर उंचीइतका असतो. कोल्हापूर, सांगली, पुणे या साडेपाचशे मीटरच्या आसपासच्या पठारी भागात तो ९.७ मीटरवर येतो आणि महाबळेश्वरच्या उंचीवर ८.८ मीटरपर्यंत घसरतो. म्हणजे कोकणात बिनतक्रार चाललेली जोडणी घाटावर तशीच्या तशी बसवली, तर पहिल्याच दिवशी सुमारे दोन फुटांपासून पाच फुटांपर्यंत तूट पदरी पडते.

तथापि हे ९.७ मीटरही संपूर्णपणे वापरायला मिळत नाहीत, कारण दाब शून्यावर येण्याच्या आधीच पाणी उकळू लागते. पाणी १०० अंशांवर उकळते हे शाळेतले विधान समुद्रसपाटीच्या दाबापुरते खरे आहे. दाब जसा उतरतो तसा उत्कलनबिंदूही उतरतो, आणि ज्या दाबाला एखाद्या तापमानाचे पाणी उकळू लागते त्याला त्या तापमानाचा बाष्पदाब म्हणतात. ३० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब पाण्याच्या ०.४३ मीटर स्तंभाएवढा असतो. पंख्याच्या तोंडाशी दाब तेवढा खाली गेला की तिथले गार पाणी गारच राहून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि हे बुडबुडे प्रवाहाबरोबर पात्यांच्या आत, वाढत्या दाबाच्या प्रदेशात, वाहत जाऊन तिथे एकाएकी मिटतात. या संपूर्ण प्रक्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा तयार होण्याने पंपाचे फारसे काही बिघडत नाही; बिघडते ते त्याच्या मिटण्याने.

या मिटण्यातली हिंसा प्रथम जहाजांच्या मळसूत्री पंख्यांवर, म्हणजे प्रोपेलरवर, दिसून आली. चार्ल्स पार्सन्स यांची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही नौका १८९४ च्या चाचण्यांत अपेक्षित वेग गाठू शकली नाही, कारण एकाच दांड्यावर अतिवेगाने फिरणारा तिचा पंखा पाण्यापेक्षा वाफेच्या पोकळ्यांतच अधिक फिरत होता. पार्सन्स यांनी छोट्या तांब्याच्या जलमार्गात काचेआडून या पोकळ्यांचे निरीक्षण केले, एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि नऊ पंखे बसवून भार वाटून दिला, आणि १८९७ च्या आरमारी संचलनात तीच नौका चौतीस नॉटच्या वेगाने धावली. पुढे १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मिटत्या बुडबुड्याचे गणित मांडले, त्यानुसार बुडबुड्याची त्रिज्या मूळच्या विसाव्या हिश्शावर आली की त्याच्या लगतच्या पाण्यातला दाब भोवतालच्या दाबाच्या १२६० पट होतो. धातूच्या पृष्ठभागाजवळ बुडबुडा गोलाकार न मिटता एका बाजूने आत खचतो आणि त्यातून पाण्याची अतिसूक्ष्म, पण सेकंदाला शंभर मीटरच्या घरातल्या वेगाची धार धातूवर आदळते, ही भर नंतरच्या संशोधनाने घातली. असे आघात एकाच ठिकाणी लक्षावधी वेळा बसत राहिले की बिडाचा पंखा वाळवी लागलेल्या लाकडासारखा पोखरला जातो. त्याच्या पात्यांच्या सुरुवातीच्या कडेमागे आधी खरखरीतपणा, मग टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि अखेरीस आरपार भोके दिसतात. गंजाने खाल्लेला पृष्ठभाग पापुद्र्यांचा आणि तांबूस असतो, तर कॅव्हिटेशनने खाल्लेला पृष्ठभाग स्वच्छ, दाणेदार आणि स्पंजासारखा असतो, हा भेद जुन्या फिटरना बोटांनीच कळतो.

आवाज ही त्याआधीची खूण होय. पंपातून पाण्याऐवजी खडी जात असल्यासारखा तडतडाट ऐकू येतो, डिलिव्हरीच्या दाबमापकाचा काटा थरथरतो, पाण्याची फेक कमी होते, आणि थरथरीमुळे पंख्याच्या आधी बेअरिंग किंवा ग्लँडच खराब होते. त्यामुळे अनेक ठिकाणी दर मोसमाला बेअरिंग बदलले जाते, ग्लँडमध्ये नवी दोरी भरली जाते, मोटरलाही दोष दिला जातो, आणि ज्या सक्शन पाइपात दुखणे आहे तो मात्र बसवल्या दिवसापासून कोणी उकललेलाही नसतो.

या दुखण्याचे निदान हिशेबाच्या वहीसारखे जमा आणि खर्च मांडून करता येते, आणि अभियंते ‘एनपीएसएच’ या आद्याक्षरांनी जी राशी ओळखतात ती म्हणजे या वहीतली शिल्लक होय: पंपाच्या तोंडाशी पोचलेल्या पाण्याकडे बाष्पदाबाच्या वर उरलेला दाब, पाण्याच्या मीटरमध्ये मोजलेला. सांगली परिसरातील एखादी विहीर उदाहरणादाखल घेतली, तर जमेला वातावरणाचे ९.७ मीटर असतात आणि त्यांतून बाष्पदाबाचे ०.४३ वजा जातात. पाण्याची पातळी पंपाच्या खाली पाच मीटर असेल तर ते पाच मीटर थेट खर्ची पडतात आणि उरतात ४.२७ मीटर. आता सेकंदाला दहा लिटर पाणी ८० मिलिमीटरच्या, म्हणजे तीन इंची, जुन्या गंजलेल्या लोखंडी पाइपातून येत असेल, पाइपाची लांबी आठ मीटर असेल, त्याला एक आखूड एल्बो असेल आणि तळाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे एकमार्गी झडप, अर्धवट तुंबलेला असेल, तर घर्षणात सुमारे १.८ मीटर जातात आणि हाती राहतात जेमतेम अडीच मीटर. पंपाची गरज, म्हणजे त्याला लागणारी शिल्लक, तीन मीटरची असेल तर हा पंप तडतडणारच. तोच पाइप १०० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची, केला, एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड घेतला आणि कमी अडथळ्याचा, स्वच्छ फूटव्हॉल्व्ह बसवला, तर घर्षणाचा खर्च १.८ वरून ०.३ मीटरवर येतो आणि शिल्लक जवळजवळ चार मीटर होते. पाणी तेच, मोटर तीच, पंप तोच. केवळ सक्शनच्या बाजूच्या या बदलांनी दीड मीटर वाचतो; त्यात वाढलेल्या एका इंचाचाही वाटा आहे, कारण ठरावीक प्रवाहाला पाइपातले घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते आणि व्यास सव्वापट झाला की घर्षण एक तृतीयांशावर उतरते.

असे असताना पंपाच्या सक्शनच्या तोंडाचा जो व्यास तोच पाइपाचा व्यास, हा हिशेब सर्वत्र का चालतो, याचे उत्तर तांत्रिक नाही. किर्लोस्करवाडीत १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप बनू लागले तेव्हापासून हे यंत्र मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे, त्याची निवड तो चौकशी करून, मेक बघून, चार ठिकाणी भाव करून करतो; सक्शन पाइप मात्र हार्डवेअरच्या दुकानात ‘पंपाच्या मापाचा’ म्हणून मागितला जातो, आणि जोडणारा फिटरही फ्लँजला फ्लँज जुळली की काम संपले असे मानतो. मोठ्या व्यासाच्या पाइपाला पंपाजवळ रिड्यूसर लागतो आणि तोही साधा, दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता होणारा चालत नाही. वरची बाजू सपाट ठेवलेला, एकांगी निमुळता रिड्यूसर लागतो, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा साठून राहते. याच कारणाने आडवा सक्शन पाइप पंपाकडे सतत किंचित चढता असावा लागतो. मध्येच उंचवटा आला की तिथे हवेची गाठ बसते आणि पाण्याची वाट अरुंद होते. पंपाच्या तोंडाला लागूनच बेंड जोडला तर पाणी पंख्यात एका बाजूने अधिक शिरते, म्हणून तोंडाआधी व्यासाच्या निदान पाचपट लांबीचा सरळ पाइप ठेवावा, असा दंडक आहे. हे सर्व नियम कागदावर जुने आहेत; प्रत्यक्ष विहिरीवर ते पाळलेले आढळणे विरळा.

फूटव्हॉल्व्हची कथा तर स्वतंत्र आहे. पंप बंद असताना पाइपातले पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून पाइपाच्या तळाशी बसवलेली ही एकमार्गी झडप गळू लागली, की पंप पाणी सोडतो आणि दर वेळी नव्याने पाणी भरून तो सुरू करावा लागतो. झडप काढून तिचे चामडे किंवा रबर बदलण्यासाठी संपूर्ण पाइप वर ओढावा लागत असल्याने त्यावर शेणपाणी ओतण्याचा उपाय खेड्यापाड्यांत रूढ झाला. शेणातला चोथा झडपेच्या फटीत बसतो आणि गळती थांबते. त्या दिवसापुरते काम होते, पण तोच चोथा झडपेच्या जाळीतही अडकतो आणि शेवाळ, पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांची त्यात भर पडत जाऊन जाळीची निम्मी भोके बुजतात. वरील हिशेबातला सुमारे एक मीटरचा खर्च अशा एकट्या फूटव्हॉल्व्हचा आहे. विद्युत कंपनीच्या पाळीनुसार रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर ऑटो स्टार्टरने आपोआप सुरू होणारा पंप गळक्या झडपेवर कोरडाच फिरत राहतो, हे त्याच गोष्टीचे दुसरे टोक होय.

जमाखर्चाची पंपाकडची बाजू म्हणजे त्याची गरज. ती उत्पादकाच्या आलेखावर छापलेली असते, परंतु तिची व्याख्या फारच थोड्या ग्राहकांना सांगितली जाते. चाचणीगृहात पंपाचा प्रवाह स्थिर ठेवून सक्शनचा दाब हळूहळू उतरवत नेतात आणि पंपाचे हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, तीन टक्क्यांनी घटली की त्या क्षणाची शिल्लक ही पंपाची गरज म्हणून नोंदवतात. तीन टक्के हेड घटण्याइतके बुडबुडे पंख्यात झाले, याचा अर्थ त्या बिंदूवर पंप आधीच पुरेसा कॅव्हिटेशनमध्ये आहे. पहिला बुडबुडा याहून पुष्कळ आधी, कित्येकदा छापील आकड्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक शिल्लक असतानाच, उमटलेला असतो. म्हणून गरज तीन मीटर आणि उपलब्ध शिल्लक तीन मीटर असा हिशेब जुळवून समाधान मानणे चुकीचे ठरते. शेतीच्या साध्या पंपालाही गरजेच्या वर निदान अर्धा ते एक मीटर हवा, आणि अखंड चालणाऱ्या मोठ्या पंपांना त्याहून कितीतरी अधिक. छापील आकड्याला सुरक्षित मर्यादा समजण्याची चूक केवळ शेतकरी करतो असेही नाही. पाणीपुरवठा योजनांच्या निविदांतूनही ती सर्रास डोकावते.

शिवाय ही गरज एकच एक नसते; प्रवाह वाढला की ती वाढते, आणि आलेखाच्या उजव्या टोकाला फारच झपाट्याने वाढते. येथे एक उलटा वाटणारा, पण महाराष्ट्रात नित्य घडणारा प्रकार उद्भवतो. पुढेमागे लागेल म्हणून शेतकरी गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप घेतो आणि तो कमी उंचीच्या शेताला पाणी द्यायला लावतो. समोर अडथळा नसल्याने पंप ठरलेल्या प्रवाहाच्या कितीतरी पुढे पळतो, पाइपातले घर्षण वाढते म्हणून शिल्लक घटते, पंपाची गरज मात्र वाढते, आणि पाणी भरपूर वर आलेल्या पावसाळी विहिरीवरसुद्धा पंप तडतडू लागतो, मोटर तापते, ओव्हरलोड पडतो. अनुभवी फिटर अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो आणि आवाज तिथल्या तिथे थांबतो. शेतकऱ्याला हे रुचत नाही, कारण थ्री-फेज वीज मिळते तेवढ्या आठ-दहा तासांत जास्तीत जास्त पाणी काढायचे असते आणि व्हॉल्व्ह आवळणे म्हणजे त्याला पाणी कापणेच वाटते. कायमचा उपाय म्हणजे पंख्याचा बाहेरचा व्यास लेथवर उतरवून घेणे किंवा योग्य हेडचा पंप घेणे. सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळणे मात्र कधीही करू नये. प्रवाह त्यानेही घटतो, पण तो सारा खर्च नेमक्या त्याच खात्यातून होतो जिथे आधीच ठणठणाट आहे.

सक्शनच्या फ्लँजजवळ एक व्हॅक्यूम गेज बसवले तर या निदानातला बराचसा अंदाजपंचे भाग संपतो. वरच्या उदाहरणातल्या वाईट जोडणीवर ते पाऱ्याचे सुमारे ५१५ मिलिमीटर दाखवील आणि सुधारलेल्या जोडणीवर सुमारे ३९५. काटा महिन्यामहिन्याने वर सरकत असेल आणि विहिरीची पातळी तीच असेल, तर जाळी तुंबते आहे हे पाणी कमी होण्याआधीच कळते. उलट पाणी तुटते आहे आणि काटा मात्र खाली आहे, असे दिसले तर तो कॅव्हिटेशनचा दोष नव्हे. सांध्यातून किंवा ग्लँडमधून बाहेरची हवा आत शिरते आहे. या दोन आजारांची गल्लत फार होते. थोडीशी हवा आत गेल्यास बुडबुड्यांचे मिटणे मऊ होऊन आवाज कमीही होतो, त्यामुळे हवा धरणारा पंप अनेकदा अधिक शांत आणि तरीही अधिक निरुपयोगी असतो.

विहिरीतले पाणी उन्हाळ्यात दोन मीटरनी खाली गेले, की चार इंची पाइपाची कमाईही पुरत नाही आणि पंप स्वतःच खाली उतरवावा लागतो. विहिरीच्या आत कठड्यावर, धक्क्यावर किंवा लोखंडी तुळयांवर टप्प्याटप्प्याने उतरवलेले पंप हे त्याचेच दृश्य रूप. नदीकाठी हाच प्रश्न अधिक बिकट होतो. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठच्या उपसा पंपांना उन्हाळ्यातल्या खोल पात्रापाशी बसणे भाग असते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याच मोटरी वर ओढून न्याव्या लागतात. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा काठावरच्या मोटरींचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको. पंपाला पाण्याजवळ राहायचे असते आणि मोटरला पाण्यापासून दूर. मोठ्या योजनांच्या जॅकवेलमध्ये उभे टर्बाइन पंप बसवून हा तिढा सोडवतात: पंखे पाण्यात बुडालेले, मोटर पूररेषेच्या वर, आणि दोघांना जोडणारा लांब उभा शाफ्ट. सबमर्सिबल पंपाने मोटरच जलरोधक करून पाण्यात सोडली आणि सक्शन पाइप नावाची वस्तूच काढून टाकली. या पंपाचा झपाट्याने प्रसार होण्यामागे बोअरवेलच्या खोलीइतकेच हेही कारण आहे.

गरम पाण्यात वहीचे रूप पालटते. ८० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाबच सुमारे पाच मीटर असतो, आणि साखर कारखान्याच्या बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाकडे तर १०५ अंशांच्या आसपासचे पाणी येते. हे पाणी ज्या डिएरेटर, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकणाऱ्या, टाकीतून येते, तिथे ते उकळत्या अवस्थेतच ठेवलेले असते, म्हणजे टाकीतला दाब आणि पाण्याचा बाष्पदाब एकमेकांना पूर्ण छेदून जातात आणि जमेला टाकीच्या उंचीखेरीज काहीही उरत नाही. म्हणूनच ही अवजड टाकी जमिनीवर न ठेवता पोलादी सांगाड्यावर कैक मीटर उंच चढवलेली असते; कारखाना पाहायला आलेल्यांना तिचे प्रयोजन सहसा कळत नाही. एक दिलासा मात्र निसर्गानेच दिलेला आहे. ३० अंशांचे एक लिटर पाणी वाफ झाले की जवळजवळ ३३ हजार लिटर जागा व्यापते, १०० अंशांचे केवळ १७०० लिटरच्या आत. त्यामुळे गरम पाण्यातले बुडबुडे लहान राहतात, हळू मिटतात, आणि तेवढ्याच तुटीत गार पाण्याइतका पंखा खात नाहीत.

जिथे पंप खाली नेता येत नाही, टाकी वर चढवता येत नाही आणि पाइपही सुधारून झाला आहे, तिथे पंपाची गरज कमी करावी लागते. तोच प्रवाह अठ्ठावीसशेऐवजी चौदाशे फेऱ्यांच्या पंपाने उचलला तर गरज ढोबळमानाने चाळीस टक्क्यांवर येते. दोन्ही बाजूंनी पाणी घेणारा पंखा वापरला तर ती सुमारे त्रेसष्ट टक्क्यांवर येते. पंख्यापुढे मळसूत्रासारखा इंड्यूसर बसवून आलेल्या पाण्याचा दाब आधीच थोडा वाढवताही येतो. सावकाश फिरणारा पंप आकाराने मोठा आणि महाग असतो, म्हणून बाजारात वेगवान पंपांचाच सुकाळ आहे. उत्पादकांना सुचलेला आणखी एक मार्ग म्हणजे पंख्याचे तोंड मोठे करणे: पाण्याचा वेग कमी होतो आणि छापील गरज आकर्षक दिसते. परंतु असा पंप नेमलेल्या प्रवाहापेक्षा कमी पाण्यावर चालवला की मोठ्या तोंडातून पाणी उलटे फिरू लागते आणि त्या भोवऱ्यांत पुन्हा कॅव्हिटेशन होते. टेक्सासमधील एका तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या ४८० पंपांच्या पाच वर्षांच्या नोंदी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा सक्शनची गरज फारच कमी ठेवून बनवलेले पंप इतरांच्या सुमारे दुप्पट वेळा बंद पडत असल्याचे आढळले होते. या दोन प्रकारांचे व्रण पात्याच्या वेगवेगळ्या अंगांवर पडतात. शिल्लक कमी पडल्याने झालेले खड्डे पंख्याच्या तोंडातून सरळ डोकावले की दिसतात. उलट्या प्रवाहाने झालेले पात्याच्या पाठीमागच्या अंगावर असतात, आणि ते पाहण्यासाठी फिटरला आत छोटा आरसा धरावा लागतो.